सत्तेचाळीस

हिलाल अहिरेनं मायक्रोमीटर ट्यूबलाइटकडे धरला
आणि मशीनच्या आवाजावरून ओरडला,
"चोवीस पॉइंट सत्तेचाळीस!"
मी लिहिलं, २४.७४.

कानात आधी सात शिरतो.
चाळीस मागून येतात, दारात चपला काढत, सावकाश.
इंग्रजीत चाळीस पुढे,
सात त्यांचं बोट धरून मागे.
माझा कान मराठीत होता, पेन इंग्रजीत,
आणि मनगटाच्या आसपास कुठेतरी
दोघांची चुकामूक झाली.

बेचाळीस पिना लाल क्रेटमध्ये गेल्या.
लख्ख, निर्दोष, हाताला अजून कोमट.

अंबडच्या आमच्या कारखान्यात नियम आहे,
चूक झाली की पाच वेळा 'का' विचारायचं.
का? आकडे उलटे लिहिले.
का? उलटे ऐकले.
का? ते उलटेच बोलले जातात.
का?
साहेब थांबले. तेही मूळचे निफाडचे.
फळ्यावर त्यांनी 'ह्यूमन एरर' लिहिलं
आणि पाचवा 'का' पुसून टाकला.

मला ठाऊक होता पाचवा.
सिडकोतली शाळा, तिसरी ब, पत्र्याचं छप्पर,
सत्तर पोरांचा एकच घसा:
तेरा साती एक्याण्णव.
त्यानंतर डिप्लोमा इंग्रजीत केला, मुलाखत इंग्रजीत दिली,
घराच्या कर्जाच्या कागदांवर सह्याही इंग्रजीत.
पण तेरा साती कुणी विचारलं
तर अजून त्या पत्र्याखालूनच उत्तर येतं.

आई त्याच्याही आधीची.
चाळीसगावाकडून येताना तिनं विसा आणल्या होत्या.
पापड मोजताना म्हणायची,
दोन ईसा नी दोन.
तिचे बेचाळीस असे,
दोन भरलेल्या ओंजळी, वर दोन चिमटीत.

आणि सावनी, माझी मुलगी, इंग्लिश मीडियम, सातवी.
त्रिमूर्ती चौकातला दुकानदार म्हणाला एकोणसाठ,
हिनं फोनवरून एकोणसत्तर पाठवले.
त्यानं दहाची नोट परत दिली, वर गोळी.
"साठाला एक कमी," मी समजावलं.
गोळी गालात ढकलून ती म्हणाली,
"पण जे कमी आहे ते आधी का सांगतात?"
भाजी परतताना मी विचार करत राहिले.
भाजी लागली.

गुरुवारी कोइम्बतूरहून ऑडिटर आला.
दिवसभर इंग्रजी, इस्त्री केलेलं.
दुपारी लाल क्रेटपाशी खाली बसला,
म्हणाला, स्वतः मोजणार.
मी बाजूला उभी.
त्याचे ओठ हलायला लागले,
ओण्णू, रेण्डू, मूणू,
एकेक पीन उचलताना मान किंचित झुकत होती,
घरात कुणाला वाढताना झुकते तशी.
सव्विसाव्या पिनेला पोऱ्यानं विचारलं, "सर, टी?"
आणि सगळं सांडलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, ओशाळून.
मी पोऱ्याला खुणेनं बाहेर काढलं.
तो पुन्हा ओण्णूपासून निघाला.
क्रेटमध्ये सातसातच्या सहा ओळी होत्या,
सात सक. माझं केव्हाच झालं होतं.
तरी मी थांबले.
शेवटची पीन ठेवून तो उठला,
गुडघे झटकले, इंग्रजीत परतला.
"फॉर्टी टू."
"येस सर."

पिना सुटल्या. नियम आला.
आता आकडे सुटे सुटे सांगायचे:
दोन, चार, पॉइंट, चार, सात.
भिंतीवर लॅमिनेट केलेला कागद, खाली माझी सही.
तेव्हापासून चूक नाही.

तीन नंबर लाइनवर आता
सत्तेचाळीस कुणी म्हणत नाही,
अठ्ठ्याऐंशी नाही, त्र्याण्णव नाही,
जिभेला गिरकी घ्यायला लावणारा एकही नाही.
हिलाल शिस्तीत ओरडतो, चार, सात.
मी लिहिते.
मग मायक्रोमीटर डबीत ठेवता ठेवता
तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटतो, झाकण लावल्यासारखं.
मशीन चालू असतं, ऐकू येत नाही.
मी ओठ वाचते.